पाय दाखवायला येताना: आधी पाहणी, मग पाणी, काशाची वाटी सगळ्यात शेवटी

गेल्या पावसाळ्यात एक काकू मुलाच्या खांद्याचा आधार घेत आमच्या दारात आल्या. दोन्ही तळव्यांवर लिंबाएवढे फोड, पाण्याने टच्च भरलेले. पाय जड झालेत म्हणून आदल्या रात्री त्यांनी बादलीत कढत पाणी आणि मूठभर खडेमीठ घालून पाय सोडून ठेवले होते. पाणी किती गरम आहे हे त्यांना कळलंच नाही. पंधरा वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना गेली होती आणि ती गेल्याचा पत्ता घरात कुणालाच नव्हता. ते फोड भरून यायला अडीच महिने लागले.

मुंबईत लालबागला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या पायांच्या छोट्या क्लिनिकच्या दोन खोल्या आहेत. बाबा डॉक्टर. मी एका रुग्णालयात मधुमेही पायांच्या विभागात परिचारिका होते, आता इथेच असते. आई काशाची वाटी आणि पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेलाचा मसाज, करते. उपकरणं उकळणं, निर्जंतुक करणं, नोंदी ठेवणं हे भावाकडे. बहुतेक लोक आईकडे म्हणून येतात. तेल लावून होतं, वाटी फिरवून होते, आणि उठता उठता म्हणतात, "ताई, बोटाच्या बेचक्यात जरा चिघळलंय, बघता का?" तोवर तेलाचा हात त्या जखमेवरून चार वेळा फिरलेला असतो.

चूक तेलाची नाही, वाटीचीही नाही. चूक क्रमाची आहे. म्हणून इथे क्रम लिहिते. आमच्याकडे या, दुसरीकडे जा किंवा घरी आईवडिलांचे पाय तुम्ही स्वतः बघा, क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: येण्याआधीचे तीन दिवस

डॉक्टरांना पाय नीटनेटके दिसावेत म्हणून लोक तयारी करून येतात आणि तीच नडते. टाचा घासून काढलेल्या, नखं मुळापर्यंत कापलेली, वर नेलपॉलिश. नखाचा रंग पिवळा आहे की काळपट, हे रंगाखाली कळत नाही. मेंदीचंही तेच. चिखल्यांवर मेंदी थापायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण तिच्या लाल रंगाखाली कातडीची लाली लपते आणि नेमकी तीच आम्हाला बघायची असते.

येण्याआधी तीन दिवस नखं, कुरूप, टाचा यांना हात लावू नका. नेलपॉलिश काढून या. सकाळी नेहमीसारखी आंघोळ करा, पण पायांना तेल, क्रीम, पावडर काही लावू नका. मधुमेह असेल तर उपाशी येऊ नका. वेळेवर जेवा, वेळेवर गोळी किंवा इन्सुलिन घ्या. खुर्चीत बसल्या बसल्या साखर उतरून घाम फुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

सोबत या वस्तू आणा:

- रोज घालता ती चप्पल किंवा बूट, दोन्ही पायांचे. लग्नाकार्यातली नवी जोडी नको. झिजलेला तळ बघितला की वजन कुठे पडतं ते कळतं. कुरूप जिथे आहे, बरोबर तिथेच चप्पल दबलेली असते.
- चालू औषधांची पाकिटं. "रक्त पातळ व्हायची एक गोळी आहे" हे आठवलं तरी नाव आठवत नाही, आणि पात्याला हात घालण्याआधी आम्हाला तेच नाव हवं असतं.
- साखरेचा शेवटचा रिपोर्ट, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) असेल तर तो.

जोडव्यांबद्दल थोडं वेगळं सांगते. चाळीस-चाळीस वर्षं बोटात असलेली जोडवी काढायला आजी तयार होत नाहीत, आणि त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण जोडव्याखाली मळ आणि ओल साचते, बोट सुजलं की चांदीची कड कातडीत रुतते. घरी साबणाच्या पाण्याने जोडवं सैल करून बघा. निघत नसेल तर निदान पुढेमागे सरकवून खालची कातडी दिसेल इतकं तरी करा. बोट निळसर झालं असेल किंवा जोडवं जागचं हलतच नसेल, तर ओढाताण न करता तसेच या.

## टप्पा २: खुर्चीत बसण्याआधीचे प्रश्न

पहिल्या भेटीला आमची दहा मिनिटं नुसत्या प्रश्नांत जातात. मधुमेह किती वर्षं? पाय बधिर वाटतात, मुंग्या येतात? आधी कधी जखम चिघळली होती का? चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागतं का? तंबाखू, विडी? गरोदर आहात का? तुम्ही जाल तिथे यातलं काहीच न विचारता कुणी थेट पाय टबात घालायला सांगितलं, तर उठून या.

थांबा. पुढचं काहीही दिसलं तर छोट्या क्लिनिकमध्ये वेळ घालवू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. केईएम, सायन, नायर, कूपर, जे घराजवळ असेल ते. ओपीडीची वेळ टळली असली तरी उद्यावर ढकलू नका, तातडीच्या विभागात जा.

- बोट किंवा टाच काळी पडली आहे.
- जखमेला वास येतो, पू आहे, भोवतालची लाली वर चढते आहे किंवा सोबत ताप, थंडी आहे.
- पाय एकाएकी गार, पांढरट पडला आणि असह्य दुखतो आहे.
- एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ही पोटरी कुणालाही चोळू देऊ नका.
- मधुमेही माणसाचं पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे, पण जखम नाही आणि दुखतही फारसं नाही. "दुखत नाही ना, मग मुरगळलं असेल" म्हणून लोक चालत राहतात आणि आतली हाडं मोडत जातात. याला शार्को पाऊल म्हणतात. या पायावर वजन टाकणं तिथल्या तिथे बंद करा.

## टप्पा ३: नुसतं पाहणं

पाणी नाही, तेल नाही, कोरडा पाय आणि भरपूर उजेड. चाळीतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसलं की पायावर आपलीच सावली पडते. खिडकीशी बसा किंवा मोबाइलचा टॉर्च लावा. स्वतःचा तळवा बघायचा असेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरा. नजर अधू असेल तर घरातल्या दुसऱ्याने बघायचं.

टाचेपासून सुरुवात करा. मग तळवा, बोटांच्या मुळाशी असलेला उंचवटा, मग एकेक बेचकी फाकवून, मग नखं, शेवटी वरची बाजू आणि घोटे. प्रत्येक ठिकाणी दोन्ही पायांची तुलना करा. एका पायाला आहे आणि दुसऱ्याला नाही, त्यावर बोट ठेवा. हाताची पालथी बाजू लावून बघा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम तर नाही ना.

बेचक्या लोक सोडून देतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना इतकी चिकटलेली असतात की फाकवल्याशिवाय काही दिसत नाही. एका आजोबांच्या तळव्यावर घट्टा दिसत होता आणि मधोमध एक काळा ठिपका. चप्पल उलटी केली तर तळातून आरपार गेलेली टाचणी. चार दिवस ती पायात टोचत होती आणि आजोबा रोज भाजी आणायला जात होते. आपली चप्पल मागितली म्हणून आधी ते रागावले होते. टाचणी बघून बराच वेळ गप्प बसले.

## टप्पा ४: संवेदना आणि नाडी

क्लिनिकमध्ये यासाठी मोनोफिलामेंट वापरतात. नायलॉनचा तंतू, टोक टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. आधी हातावर लावून दाखवायचा, मग डोळे मिटायला सांगून पायावर, ठिकाणं उलटसुलट बदलत. घट्ट्यावर किंवा जखमेवर लावायचा नाही. "लागतंय का?" असं दर वेळी विचारलं की माणूस भिडेखातर "हो" म्हणतो. लागेल तेव्हा तुम्हीच सांगा आणि कुठे लागलं ते सांगा, असं म्हणायचं.

घरी हीच गोष्ट बोटाने करता येते. माणसाला झोपवून डोळे मिटायला सांगा. तर्जनीचं टोक दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना हलकेच एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांना दाखवा.

नाडी दोन जागी बघतात: पावलाच्या वर, आणि आतल्या घोट्याच्या मागे. वरची नाडी काही धडधाकट माणसांतही हाताला लागत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. दोन्ही जागी लागत नसेल तर रक्तपुरवठ्याची तपासणी झाल्याशिवाय त्या पायावर पातं चालवायचं नाही.

तपासा. संवेदना आहे की नाही, नाडी लागते की नाही, याची नोंद कागदावर झाली का? पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर ठरतं.

## टप्पा ५: धुणं, आणि त्याहून जास्त, पुसणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पाणी कोमट, ३७ अंश सेल्सियसच्या खाली. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा. ज्याचे पाय बधिर आहेत त्याने पायाने पाणी कधीच अजमावू नये. बऱ्याचदा हातही थोडे बधिर झालेले असतात, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवलेलं बरं. गिझरचं पाणी आधी आणि गार पाणी नंतर असं करू नका. आधी गार, मग त्यात गरम.

मधुमेह्यांनी पाय भिजत ठेवायचे नाहीत. पाणी कोमट असलं तरी नाही, मीठ घालून नाही, तुरटी घालून नाही, जंतुनाशक टाकून तर नाहीच. भिजून फुगलेली कातडी लवकर फाटते आणि नंतर वाळून भेगाळते. साधा साबण, दोन-तीन मिनिटं, वाहतं पाणी, बास. निरोगी पायाला दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं तर काही बिघडत नाही, पण ते निरोगी आहेत हे तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात ठरलेलं हवं.

मग पुसणं. जुनं मऊ सुती कापड घ्या, धोतराचं किंवा जुन्या साडीचं उत्तम. जाड टॉवेल बेचकीत शिरत नाही, जोर केला की कातडी सोलते. कापडाची कड बेचकीत घालून टिपून घ्या, रगडू नका. आठ बेचक्या, प्रत्येकीसाठी कापडाची कोरडी जागा. आई हे करताना मोठ्याने मोजते आणि मला तीच पद्धत पटते. न मोजणाऱ्याची शेवटची बेचकी ओलीच राहते.

## मध्येच एक गोष्ट: उपकरणं बघून घ्या

नखं-कुरपांना हात लावू देण्याआधी विचारा, यात संकोच नको. पातं तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघालं पाहिजे आणि काम झालं की टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात गेलं पाहिजे. नखं कापायची धातूची उपकरणं आधी ब्रशने धुऊन, वाळवून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर वाफवलेली असावीत. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला दिसतो. नुसतं स्पिरिट पुसून किंवा "डेटॉलच्या पाण्यात ठेवलंय" हे पुरत नाही. वजरी आणि कानस निर्जंतुक करता येत नाहीत, म्हणून त्या ज्याच्या त्याच्या असाव्यात. आमच्याकडे कानस वापरली की त्या माणसाला घरी देऊन टाकतो.

जखमेचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे रंग ठरलेले आहेत आणि छोट्या दवाखान्यालाही ते लागू आहेत. सगळा कचरा एकाच टोपलीत दिसला तर बाकीच्या स्वच्छतेचाही अंदाज येतो.

## टप्पा ६: नखं

धुतल्यावर नखं मऊ असतात, तेव्हाच कापा. सरळ, आडवी. हाताच्या नखांसारखी गोल कापून कोपरे आत नेऊ नका. एक-दोन मिलिमीटर पांढरी कड राहू द्या आणि टोकदार कोपरा कानशीने बोथट करा. एका घावात अख्खं नख कापायला जाऊ नका, एका बाजूने थोडं थोडं घ्या.

अंगठ्याचं नख मांसात शिरून दुखायला लागलं की माणूस तो कोपरा खोल खणून काढतो. दोन दिवस बरं वाटतं. पण आत एक बारीक कुसळ राहून जातं, नख वाढलं की ते आणखी खोल रुततं, मग पू होतो. कोपरा खणू नका. पुढून चिंचोळे बूट बंद करा आणि दाखवून घ्या. पू झाला असेल तर ते काम डॉक्टरांचं, पार्लरमधल्या मुलीचं नाही.

म्हाताऱ्या माणसांची नखं शिंगासारखी जाड आणि पिवळी होतात. प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं. बुरशीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घ्या. आणि धीर धरा: पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून नवं यायला बारा ते अठरा महिने लागतात. औषध लागू पडत असलं तरी जुनं खराब नख पुढे सरकत जाऊनच संपतं.

थांबा. संवेदना गेली असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हात थरथरत असेल, तर नेलकटर स्वतः हातात घेऊ नका.

## टप्पा ७: कुरूप, घट्टे, भेगा

आधी कुरूप आहे की चामखीळ हे ठरवा. वरून सरळ दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते ती बहुधा चामखीळ. कुरपावर कातडीच्या रेषा चालू राहतात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि आत बारीक काळे ठिपके दिसतात. चामखीळ विषाणूची, ती पसरते. तिच्यावर घासलेली वजरी दुसरीकडे लावली की तिथेही उगवते.

कुरपावर औषधाच्या दुकानात मिळणारी गोल पट्टी लावून लोक आठवडाभर फिरतात. तिच्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. त्याला कुरूप आणि चांगली कातडी यांतला फरक कळत नाही. पट्टी घामाने सरकली की शेजारची कातडी पांढरी पडून जळते. मधुमेह असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ही पट्टी अजिबात नको. घरच्या ब्लेडने कोरणं तर त्याहून वाईट.

क्लिनिकमध्ये पात्याने थर थर तासतात. नीट होत असेल तर दुखत नाही आणि रक्त येत नाही. पण तासलं म्हणजे संपलं, असं नाही. कुरूप दाबातून येतं. चप्पल तीच राहिली तर दीड-दोन महिन्यांत ते परत तिथेच असतं आणि लोक म्हणतात मूळ राहिलं. कुरपाला झाडासारखं मूळ नसतं, दाब राहिलेला असतो.

टाचांच्या भेगांना रोज रात्री एकच गोष्ट लागते: धुऊन, पुसून, टाच किंचित दमट असतानाच क्रीम. १० ते २५ टक्के युरिया असलेलं चालेल. कोकमतेलाचा गोळा घरी असेल तर तोही चांगला, तळहातावर चोळून मऊ करा आणि लावा. वर सुती मोजे. बेचक्यांत मात्र हे क्रीम किंवा तेल लावायचं नाही. वजरी फिरवायची तर आठवड्यातून एक-दोनदा, हलक्या हाताने, एकाच दिशेने. बधिर पायाला वजरी नको.

मेण आणि खोबरेल वितळवून कढत कढत भेगांत सोडायची पद्धत कृपा करून बंद करा. तेल-मेणाने भाजलेली टाच बरी करणं किती जिकिरीचं असतं, ते आम्ही बघतो. भेगेतून रक्त येत असेल, आतला भाग लाल ओला दिसत असेल, तर ती जखम समजून दाखवा.

## टप्पा ८: चिखल्या

बेचक्यांत पांढरी, भिजलेली, सुटणारी कातडी आणि खाज. बहुतेक वेळा बुरशी. कोरडं ठेवणं हे निम्मं औषध. साधं बुरशीविरोधी मलम, क्लोट्रिमाझोलसारखं, दिवसातून दोनदा पातळ थर, आणि खाज थांबल्यावरही दोन आठवडे चालू. लोक चौथ्या दिवशी सोडतात, मग ते परत येतं. दुकानदाराने दिलेली "सगळ्यावर चालणारी" ट्यूब नको. त्यात स्टेरॉइड असतं, खाज लगेच थांबते आणि बुरशी खाली पसरत राहते.

## टप्पा ९: आता वाटी, तेल आणि बाकीचं

इथपर्यंत सगळं ठीक असेल, कुठे कातडी फाटलेली नसेल, संवेदना असेल, नाडी असेल, पोटरी सुजलेली नसेल, तरच. नखं किंवा कुरूप काढताना कुठे कातडी दुखावली गेली असेल तर वाटी त्या दिवशी नाही. कातडी भरून आली की या, आई नाही म्हणणार नाही.

काशाची वाटी. कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू. तळव्याला तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीचा तळ गोल गोल फिरवायचा, टाचेकडून बोटांकडे, एका पायाला दहा-पंधरा मिनिटं. दाब लोण्यावर सुरी फिरवताना असतो तितकाच. वाटीची कड लावायची नाही, फक्त गोल तळ. फिरवण्याआधी वाटीवर खरवड किंवा पोचा नाही ना, हे बोटाने चाचपून बघायचं.

थोड्या वेळाने तळवा आणि वाटी काळी पडते आणि लोक म्हणतात, "बघा, किती उष्णता निघाली." आई हे कधीच म्हणत नाही. काळं येतं ते धातू, तूप आणि घाम एकमेकांवर घासले गेल्यामुळे. ज्याच्या पायाला घाम जास्त त्याचा पाय जास्त काळा. त्यावरून शरीरात काय आहे काय नाही, हे ठरत नाही. वाटीने पाय हलके होतात, झोप चांगली लागते, दिवसभर दुकानात किंवा लोकलमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला बरं वाटतं. एवढं ती देते आणि एवढं पुष्कळ आहे.

वाटी झाल्यावर उठायच्या आधी तळवे कोरड्या कापडाने दोनदा पुसा, बेचक्या पुन्हा मोजून. तुपाचा तळवा आणि मुंबईतली गुळगुळीत लादी. माझ्या माहितीतली एक आजी नेमकी अशी घसरून खुब्याचं हाड मोडून बसली. मोजे किंवा चप्पल घातल्याशिवाय आम्ही कुणाला खुर्चीतून उतरू देत नाही.

पादाभ्यंग. कोमट तीळतेल, हलका हात, बोटांकडून घोट्याकडे. तेलाचा गरमपणा करणाऱ्याने आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघायचा. गरोदरपणात, ताप असताना, फुगलेल्या निळ्या शिरांवर आधी डॉक्टरांना विचारून.

तळव्यावरचे बिंदू दाबणं. दाबून आराम मिळतो, तो घ्या. पण तळव्यावरचा तक्ता बघून कुणी "तुमचं मूत्रपिंड कमजोर आहे" म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तळवा दाबून मूत्रपिंड कळत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी आहे. खुंट्यांच्या टोकदार चपला आणि लाकडी लाटणी बधिर पायाला वर्ज्य.

जळू आणि डाग. जळू लावायची तर प्रशिक्षित वैद्याकडेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला नाही. कुरपावर तापल्या सळईने डाग देणं मधुमेही पायाला नको.

पाणी तपकिरी करणारं यंत्र. टबात मीठ आणि वीज सोडली की लोखंडी पट्ट्या गंजतात, रंग त्या गंजाचा. पाय न घालता चालवायला सांगा, पाणी तरीही तपकिरी होईल. माशांच्या टाकीत पाय सोडणंही नको, मासे निर्जंतुक करता येत नाहीत.

थांबा. "वाटी चालू आहे तोवर साखरेची गोळी बंद करा" असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

## टप्पा १०: घरी गेल्यावर

रोज रात्री पाच मिनिटं: उजेडात बघणं, धुणं, आठ बेचक्या पुसणं, टाचांना क्रीम. सकाळी चप्पल घालण्याआधी आत हात फिरवणं, बूट असेल तर उलटा करून झटकणं.

बधिर पायाला एमसीआरच्या (मऊ, सच्छिद्र रबराच्या) तळाची चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली. अंगठ्यात अडकवायची नको. कोल्हापुरीचा अंगठा नेमका तिथेच घासतो. पट्टा अशासाठी की बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही, माणूस अर्धा रस्ता अनवाणी चालतो. चपला संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. नवी जोडी पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढल्यावर लाल खूण उठली आहे का ते बघा.

साचलेल्या पाण्यातून आलात तर घरी पोचल्या पोचल्या साबणाने पाय धुवा. पायाला बारीकशी जखम असेल तर त्या पाण्यातल्या उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) संसर्ग होऊ शकतो. डॉक्टरांना ७२ तासांच्या आत विचारा, प्रतिबंधक गोळी द्यायची का ते ठरवतील. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे, मंगळवारी सिद्धिविनायकाला पायी आणि अनवाणी जाणारे बरेच जण आमच्याकडे येतात. मी कुणाची श्रद्धा मोडत नाही. पण चौथ्या टप्प्यात ज्यांची संवेदना कमी निघाली, त्यांना हात जोडून सांगते, उपास करा, जप करा, चप्पल सोडू नका. देवळात गेलात तर मोजे घाला आणि उन्हात तापलेल्या फरशीवर उभे राहू नका.

परत कधी यायचं तेही पाय ठरवतो. मधुमेह आहे पण संवेदना आणि नाडी ठीक, तर वर्षातून एकदा. दोन्हींपैकी एक कमी, तर सहा महिने ते वर्षाने. दोन्ही कमी, किंवा एक कमी आणि पावलाचा आकार बदललेला, तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी जखम चिघळलेली असेल किंवा बोट काढलेलं असेल, तर एक ते तीन महिन्यांनी. भाऊ तारीख कार्डावर लिहून देतो. येताना ते कार्ड आणि तीच रोजची चप्पल आणा.